पॉवरलाइन नेटवर्क अडॅप्टर

पॉवरलाइन नेटवर्क अडॅप्टर हे घरातील वीजवाहक तारांमधून संगणकीय माहितीची देवाणघेवाण घडवून आणणारे उपकरण आहे. असे किमान दोन अडॅप्टर लागतात. पहिला राउटरजवळच्या सॉकेटमध्ये बसवून ईथरनेट केबलने राउटरला जोडला जातो. दुसरा अडॅप्टर ज्या खोलीत इंटरनेट हवे आहे तेथील सॉकेटमध्ये बसवून संगणक, दूरचित्रवाणी संच किंवा अन्य उपकरणाला जोडला जातो. या दोहोंच्या दरम्यान नवी केबल टाकावी लागत नाही. भिंतीतून आधीच गेलेली विजेची तारच माहितीची वाहिनी बनते. अडॅप्टर स्वतः इंटरनेट जोडणी पुरवत नाही, तर घरात आलेली जोडणी घरातल्या घरात पुढे नेतो.

या उपकरणाची कामगिरी खोक्यावर छापलेल्या वेगापेक्षा घरातील वायरिंगवर अधिक अवलंबून असते. एकच जोडी एका घरात समाधानकारक चालते आणि शेजारच्या घरात निरुपयोगी ठरते, असे घडू शकते. त्यामुळे अडॅप्टरची निवड करताना उपकरणाच्या वैशिष्ट्यांइतकाच घरातील वीजजोडणीचा विचार करावा लागतो.

पार्श्वभूमी

वीजवाहक तारेचा संदेशवहनासाठी उपयोग करण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून रूढ आहे. वीज कंपन्या उच्चदाब पारेषण वाहिन्यांवरून उपकेंद्रांमधील दूरध्वनी संभाषण आणि संरक्षक यंत्रणेचे संकेत पाठवत असत. भारतातील पारेषण जाळ्यातही ही पद्धत वापरली गेली आहे. उपकेंद्रात वाहिनीच्या टोकाशी दिसणारे पिंपाच्या आकाराचे मोठे वेटोळे, म्हणजेच वेव्ह ट्रॅप, ही तिची दृश्य खूण आहे. हे वेटोळे ५० हर्ट्झची वीज पुढे जाऊ देते, परंतु संदेशाचा उच्च वारंवारतेचा तरंग उपकेंद्राच्या यंत्रसामग्रीकडे जाण्यापासून अडवते.

घरगुती वापरासाठी स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ साली एक्स-१० ही पद्धत विकसित केली. दिवे व उपकरणे दुरून चालू-बंद करणे एवढाच तिचा हेतू होता आणि तिचा वेग सेकंदाला जेमतेम ५०-६० बिट इतका होता. १९९० च्या दशकात सार्वजनिक वीजजाळ्यातूनच घरोघरी इंटरनेट पोहोचवण्याचे प्रयोग झाले. इंग्लंडमधील नॉर.वेब हा त्यांपैकी एक गाजलेला प्रयोग १९९९ साली बंद करण्यात आला. याउलट, घराच्या आतील तारांपुरतेच हे तंत्र वापरण्याची कल्पना टिकली. २००० साली अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन होमप्लग पॉवरलाइन अलायन्स ही संघटना स्थापन केली आणि २००१ साली तिचे पहिले मानक प्रसिद्ध झाले.

कार्यपद्धती

भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ या प्रमाणात पुरवली जाते. अडॅप्टर याच तारेवर अत्यंत कमी शक्तीचे, परंतु उच्च वारंवारतेचे तरंग सोडतो. प्रचलित अडॅप्टरांमध्ये ही वारंवारता सुमारे २ मेगाहर्ट्झपासून पुढे असते, म्हणजे विजेच्या वारंवारतेच्या किमान ४० हजार पट. वारंवारतेतील या प्रचंड अंतरामुळे वीज आणि माहिती एकाच तारेतून जाऊनही वेगळ्या करता येतात. अडॅप्टरमधील संधारित्र आणि लहान ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झच्या विजेला अडवतात आणि माहितीचे तरंग पुढे जाऊ देतात.

विजेची तार माहिती वाहण्यासाठी तयार केलेली नसते. तिला ठिकठिकाणी फाटे फुटलेले असतात, त्या फाट्यांवरून तरंग परावर्तित होतात आणि जोडलेले प्रत्येक उपकरण कमीअधिक विद्युत गोंगाट निर्माण करते. या अडचणीवर मात करण्यासाठी उपलब्ध वारंवारतापट्टा शेकडो अरुंद उपवाहकांमध्ये विभागला जातो. होमप्लग एव्ही या मानकात १.८ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे १,१५५ उपवाहक आहेत. त्यांपैकी काही रेडिओसेवांच्या संरक्षणासाठी बंद ठेवले जातात. अडॅप्टर प्रत्येक उपवाहकाची स्थिती तपासतात. स्वच्छ उपवाहकावर एका वेळी १० बिटपर्यंत माहिती लादली जाते, गोंगाट असलेल्या उपवाहकावर कमी लादली जाते आणि निरुपयोगी उपवाहक वगळला जातो.

ही तपासणी सतत चालू असते, कारण तारेची स्थिती क्षणोक्षणी बदलते. मोबाइल चार्जर, एलईडी दिव्यातील परिपथ आणि पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांचा गोंगाट बहुधा वीजलहरीच्या तालावर, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी, कमीजास्त होतो. म्हणून होमप्लग एव्ही पद्धतीचे अडॅप्टर वीजलहरीच्या वेगवेगळ्या टप्प्यांसाठी उपवाहकांची वेगवेगळी मांडणी वापरू शकतात. चुकीचा पोहोचलेला भाग दुरुस्त केला जातो किंवा पुन्हा मागवला जातो. असे पुनर्प्रेषण वाढले की वेग घटतो आणि विलंब वाढतो.

एका घरातील सर्व अडॅप्टर एकच माध्यम वाटून घेतात. एका क्षणी एकच अडॅप्टर माहिती पाठवू शकतो. त्यामुळे तिसरा किंवा चौथा अडॅप्टर जोडल्यास एकूण क्षमता वाढत नाही. आहे तीच विभागली जाते.

मानके आणि सुसंगतता

बाजारातील अडॅप्टर मुख्यतः दोन कुळांत मोडतात. पहिले कूळ होमप्लगचे आहे. २००१ सालच्या होमप्लग १.० या मानकाचा कमाल वेग १४ मेगाबिट प्रतिसेकंद होता. २००५ साली आलेल्या होमप्लग एव्ही मानकाने तो २०० मेगाबिटपर्यंत नेला. २०१० साली आयट्रिपलई या संस्थेने मंजूर केलेल्या १९०१ क्रमांकाच्या मानकात होमप्लग एव्हीच्या पद्धतीचा समावेश झाला. २०१२ सालच्या होमप्लग एव्ही२ मानकाने वारंवारतापट्टा ८६ मेगाहर्ट्झपर्यंत वाढवला आणि फेज व न्यूट्रल यांच्या जोडीला अर्थिंगची तारही माहितीसाठी वापरण्याची सोय केली. होमप्लग संघटनेचे कार्य २०१६ साली थांबले, मात्र तिच्या मानकांनुसार बनलेली उपकरणे वापरात राहिली.

दुसरे कूळ जी.एचएन या नावाने ओळखले जाते. हे मानक आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने तयार केले असून त्याचा पाया असलेली जी.९९६० ही शिफारस २००९ साली मंजूर झाली. त्याच्या प्रसारासाठी होमग्रिड फोरम ही संघटना काम करते. विजेची तार, दूरध्वनीची तार आणि केबल टीव्हीची समाक्ष केबल या तिन्ही माध्यमांसाठी एकच तंत्र वापरणे, हे या मानकाचे वैशिष्ट्य आहे. विजेच्या तारेवर ते १०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरू शकते.

होमप्लग एव्ही आणि एव्ही२ ही उपकरणे परस्परांशी जुळतात; मात्र मिश्र जोडणीत वेग जुन्या उपकरणाच्या कुवतीपुरता मर्यादित राहतो. होमप्लग १.० ची उपकरणे एव्हीशी थेट संवाद साधू शकत नाहीत. होमप्लग आणि जी.एचएन ही दोन कुळे तर परस्परांशी अजिबात जुळत नाहीत. कंपनी एकच असली तरी हा फरक कायम राहतो. उदाहरणार्थ, डेव्होलो या जर्मन कंपनीची जुनी डीलॅन मालिका होमप्लगवर आधारित आहे, तर नंतरची मॅजिक मालिका जी.एचएनवर, त्यामुळे या दोन मालिकांमधील अडॅप्टर एकमेकांशी जोडता येत नाहीत. घरात आधीची जोडी असताना तिच्यात भर घालायची असल्यास खोक्यावरील कंपनीच्या नावापेक्षा मानकाचे नाव पाहणे महत्त्वाचे ठरते.

छापील वेग आणि प्रत्यक्ष वेग

अडॅप्टरच्या नावात ६००, १०००, २००० किंवा २४०० असे आकडे असतात. ते आदर्श परिस्थितीतील सैद्धांतिक वेग दर्शवतात. या आकड्यात जाणारी आणि येणारी माहिती, चूक दुरुस्तीसाठी जोडलेले जादा बिट आणि अडॅप्टरांचे आपापसांतील नियंत्रण-संदेश अशा सर्वांचा समावेश असतो. वापरकर्त्याच्या वाट्याला येणारा वेग त्याहून बराच कमी असतो. चांगल्या वायरिंगमध्येही तो छापील आकड्याच्या निम्म्यापेक्षा कमी राहतो आणि प्रतिकूल घरात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली जाऊ शकतो.

दुसरी मर्यादा ईथरनेट पोर्टची असते. ५०० किंवा ६०० असा आकडा मिरवणाऱ्या अनेक अडॅप्टरांना १०० मेगाबिट क्षमतेचाच पोर्ट असतो. अशा अडॅप्टरमधून तारांची स्थिती कितीही उत्तम असली तरी १०० मेगाबिटपेक्षा अधिक वेग बाहेर पडू शकत नाही. हा तपशील खोक्याच्या दर्शनी भागावर नसून बहुधा तांत्रिक माहितीच्या तक्त्यात असतो. इंटरनेट जोडणी १०० मेगाबिटपेक्षा वेगवान असल्यास गिगाबिट पोर्ट आवश्यक ठरतो.

आकड्यांची तुलना करताना बिट आणि बाइट यांतील फरकही लक्षात घ्यावा लागतो. ८ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे ८० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने फाइल उतरवताना संगणकाच्या पडद्यावर १० मेगाबाइट प्रतिसेकंद असा आकडा दिसतो; तो दोष नव्हे.

घरातील वायरिंगचा प्रभाव

अंतर: माहितीचा तरंग भिंतीतून सरळ जात नाही, तारेच्या मार्गाने जातो. शेजारच्या दोन खोल्यांतील सॉकेट वेगवेगळ्या परिपथांवर असल्यास तरंगाला एका खोलीतून वितरण पेटीपर्यंत आणि तेथून दुसऱ्या खोलीपर्यंत प्रवास करावा लागतो. त्यामुळे भिंतीच्या पलीकडचा सॉकेटही विद्युतदृष्ट्या दूर असू शकतो.

फेज: ज्या घरात तीन फेजची जोडणी आहे तेथे वेगवेगळ्या खोल्या वेगवेगळ्या फेजवर असू शकतात. दोन अडॅप्टर भिन्न फेजवर आल्यास त्यांच्यात थेट तारजोडणी नसते. समांतर गेलेल्या तारांमधून काही तरंग एका फेजवरून दुसऱ्या फेजवर झिरपतो, परंतु वेग बऱ्याचदा मोठ्या प्रमाणात घटतो. बंगले, दुमजली घरे आणि मोठ्या सदनिका यांत ही अडचण विशेष जाणवते. दोन्ही मजल्यांसाठी स्वतंत्र वीजमीटर असल्यास जोडणी होईलच असे गृहीत धरता येत नाही.

अर्थिंग: एव्ही२ आणि जी.एचएन पद्धतीच्या ज्या अडॅप्टरांमध्ये तिन्ही तारा वापरण्याची सोय असते, त्यांचा पुरेपूर लाभ अर्थिंग प्रत्यक्ष जोडलेले असेल तरच मिळतो. जुन्या इमारतींमध्ये तीन छिद्रांच्या सॉकेटमागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसण्याची शक्यता असते. अशा ठिकाणी तीन तारांचा महाग अडॅप्टर दोन तारांवरच काम करतो. दोन पिनांचा अडॅप्टर तर अर्थिंग वापरूच शकत नाही.

एक्स्टेंशन बोर्ड: विद्युतदाबातील उसळीपासून संरक्षण देणाऱ्या बोर्डमध्ये उच्च वारंवारतेचा गोंगाट शोषून घेणारे घटक असतात. ते गोंगाटाबरोबर माहितीचे तरंगही शोषून घेतात. स्टॅबिलायझर आणि यूपीएस यांचाही परिणाम असाच होतो. म्हणून अडॅप्टर थेट भिंतीवरील सॉकेटमध्ये बसवला जातो. काही अडॅप्टरांवर स्वतःचा सॉकेट असतो. त्यात गाळणी असल्यास एक्स्टेंशन बोर्ड तेथे जोडता येतो आणि त्यावरील उपकरणांचा गोंगाटही रोखला जातो. मात्र त्या सॉकेटच्या अँपिअर मर्यादेपेक्षा जास्त भार त्यावर टाकता येत नाही.

इन्व्हर्टर: भारतातील अनेक घरांत काही सॉकेट इन्व्हर्टरवर आणि उरलेले थेट पुरवठ्यावर असतात. एक अडॅप्टर इन्व्हर्टरच्या परिपथावर आणि दुसरा थेट पुरवठ्यावर असल्यास तरंगाला इन्व्हर्टरमधील घटक ओलांडावे लागतात आणि तो क्षीण होऊ शकतो. शिवाय वीज गेल्यावर थेट पुरवठ्यावरील अडॅप्टर बंद पडतो. त्यामुळे राउटर चालू असूनही दुसऱ्या खोलीतील जोडणी तुटते.

गोंगाट: निकृष्ट चार्जर, स्वस्त एलईडी दिवे, पंख्याचे रेग्युलेटर, मिक्सर आणि वॉशिंग मशीन यांमुळे वेग अचानक घसरू शकतो. ठरावीक वेळी जोडणी मंदावत असल्यास त्या वेळी कोणते उपकरण चालू होते, याची नोंद ठेवणे निदानासाठी उपयुक्त ठरते. गोंगाट करणारे उपकरण अडॅप्टरच्या शेजारच्या सॉकेटमधून दूर हलवल्यानेही बऱ्याचदा सुधारणा होते.

निवडीचे निकष

पहिला निकष गरजेचा आहे. ४के दर्जाचा एक चित्रपट पाहण्यासाठी साधारणतः १५ ते २५ मेगाबिट प्रतिसेकंद इतका स्थिर वेग पुरतो आणि दूरस्थ वर्गासाठी किंवा दृक्‌श्राव्य बैठकीसाठी त्याहून कमी लागतो. अशा वापरासाठी मध्यम क्षमतेची जोडीही पुरेशी ठरते. घरातच मोठ्या फाइली एका संगणकावरून दुसऱ्यावर वारंवार न्यायच्या असल्यास मात्र अधिक क्षमतेचे उपकरण किंवा थेट ईथरनेट केबल अधिक योग्य ठरते.

दुसरा निकष प्लगचा आहे. भारतात भारतीय मानक १२९३ नुसार गोल पिनांचे ६ आणि १६ अँपिअरचे सॉकेट वापरले जातात. ब्रिटनमधील अडॅप्टरांना तीन चपट्या पिना असतात, तर युरोप आणि अमेरिकेतील प्लगांची रचना आणखी वेगळी असते. परदेशातून आणलेला अडॅप्टर बसवण्यासाठी परिवर्तक प्लग वापरल्यास अर्थिंगची जोडणी तुटण्याची आणि जड उपकरण सैल बसून तापण्याची शक्यता असते. केवळ ११०-१२० व्होल्टसाठी बनवलेला अडॅप्टर भारतातील पुरवठ्यावर लावणे धोकादायक आहे. म्हणून त्यावर छापलेली व्होल्टमर्यादा तपासणे आवश्यक असते.

तिसरा निकष पोर्टांची संख्या आणि वाय-फायची सोय हा आहे. केवळ एक संगणक किंवा दूरचित्रवाणी संच जोडायचा असल्यास साधा अडॅप्टर पुरतो. दूरच्या खोलीत मोबाइलही वापरायचे असल्यास वाय-फाय प्रक्षेपण करणारा अडॅप्टर घेता येतो, किंवा साध्या अडॅप्टरला जुना राउटर जोडून तो ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरता येतो.

चौथा निकष विजेच्या वापराचा आहे. अडॅप्टर अहोरात्र चालू राहतो. ३ वॅट वापरणारा एक अडॅप्टर वर्षभर अखंड चालल्यास सुमारे २६ युनिट वीज खर्च होते आणि जोडीसाठी हा खर्च ५२ युनिटांच्या आसपास जातो. जोडलेले उपकरण बंद असताना आपोआप कमी वीज वापरणारे अडॅप्टर या दृष्टीने अधिक लाभदायक असतात.

या सर्वांवर मात करणारा निकष म्हणजे उपकरण परत करण्याची किंवा बदलून घेण्याची सोय. घरातील तारांची उच्च वारंवारतेवरील वर्तणूक आधीच मोजण्याचे साधन सामान्य ग्राहकाकडे नसते. त्यामुळे प्रत्यक्ष चाचणीखेरीज कामगिरीचा भरवशाचा अंदाज येत नाही.

चाचणी

चाचणीची सुरुवात राउटरला केबलने थेट जोडलेल्या संगणकावर वेग मोजून केली जाते. त्यानंतर दोन्ही अडॅप्टर एकाच खोलीतील दोन सॉकेटमध्ये लावून तोच संगणक त्यांच्यामार्फत जोडला जातो. येथेच वेग अतिशय कमी आल्यास दोष उपकरणात, केबलमध्ये किंवा पोर्टमध्ये असण्याची शक्यता असते. येथे वेग चांगला मिळाला आणि अपेक्षित खोलीत तो घसरला, तर कारण वायरिंगमध्ये आहे असा निष्कर्ष निघतो. त्या खोलीतील प्रत्येक सॉकेट स्वतंत्रपणे तपासला जातो, कारण एकाच खोलीतील दोन सॉकेटही भिन्न परिपथांवर असू शकतात. संध्याकाळी, घरातील दिवे, पंखे व स्वयंपाकघरातील उपकरणे चालू असताना घेतलेली चाचणी नेहमीच्या वापराच्या अधिक जवळ जाणारी असते.

सुरक्षितता

अडॅप्टरचे तरंग वीजमीटरपाशी पूर्णपणे थांबतातच असे नाही. सदनिकांच्या इमारतीत ते शेजारच्या घरातील तारांपर्यंत पोहोचू शकतात. यामुळे माहिती कूटबद्ध केली जाते. होमप्लग १.० मध्ये ५६ बिटांची कूटपद्धती होती, तर एव्ही आणि त्यानंतरच्या मानकांत १२८ बिटांची एईएस पद्धती वापरली जाते. मात्र कारखान्यातून निघताना अनेक अडॅप्टरांवर सर्वांना ठाऊक असलेली एकच सामाईक कूटकिल्ली असते. ती न बदलल्यास शेजारच्या घरातील तशाच अडॅप्टरशी जोडणी होण्याचा धोका संभवतो. दोन्ही अडॅप्टरांवरील जोडणीचे बटण ठरावीक वेळेत दाबल्यास त्या जोडीपुरती नवी कूटकिल्ली तयार होते.

विद्युत सुरक्षेच्या दृष्टीने अडॅप्टर उघडणे, ओलसर जागी लावणे किंवा सैल सॉकेटमध्ये बसवणे टाळावे लागते. अर्थिंग जोडलेले आहे की नाही याची तपासणी किंवा वितरण पेटीतील कोणताही बदल परवानाधारक वीजतंत्रीकडूनच करून घेणे योग्य ठरते.

रेडिओ व्यत्यय

भिंतीतील तारा माहितीच्या तरंगांसाठी काही अंशी ॲंटेनासारखे काम करतात. अडॅप्टर वापरत असलेल्या पट्ट्यातच लघुलहरी प्रक्षेपण आणि हौशी रेडिओचे पट्टे असल्यामुळे या तंत्राला रेडिओ हौशींच्या संघटनांनी विविध देशांत आक्षेप घेतले. परिणामी उत्पादकांनी हौशी रेडिओच्या पट्ट्यांवरील उपवाहक बंद ठेवण्यास सुरुवात केली. युरोपात २०१३ साली आलेल्या ईएन ५०५६१-१ या मानकाने अशा उपकरणांच्या उत्सर्जनावर मर्यादा घातल्या. याउलट जवळचा शक्तिशाली रेडिओ प्रक्षेपकही अडॅप्टरच्या कामात अडथळा आणू शकतो.

अन्य पर्यायांशी तुलना

ईथरनेट केबल हा वेग आणि स्थैर्य या दोन्ही बाबतींत सर्वांत भरवशाचा पर्याय आहे. कॅट-५ई किंवा कॅट-६ केबलवर १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग मिळतो आणि तो घरातील मिक्सर चालू झाल्याने घटत नाही. नवीन बांधकामात किंवा दुरुस्तीच्या वेळी भिंतीत स्वतंत्र नळी टाकून अशी केबल ओढणे सोयीचे ठरते. सुरक्षेसाठी आणि गोंगाट टाळण्यासाठी ही केबल विजेच्या तारांच्या नळीतून नेली जात नाही.

मेश वाय-फाय प्रणालीत अनेक प्रक्षेपक परस्परांशी बिनतारी संपर्क ठेवून घरभर जाळे पसरवतात. ती बसवायला सोपी असते. जाड दगडी भिंती, सिमेंट काँक्रीटचे स्लॅब किंवा धातूचे पत्रे मध्ये आल्यास मात्र तिचाही वेग घटतो. अशाच ठिकाणी पॉवरलाइन अडॅप्टर उपयोगी पडण्याची शक्यता अधिक असते, कारण तार भिंत आणि स्लॅब ओलांडूनच आलेली असते. दोन्ही तंत्रे एकत्रही वापरता येतात: मजल्यांमधील दुवा पॉवरलाइनचा आणि खोलीतील प्रक्षेपण वाय-फायचे.

भाड्याच्या घरात, भिंत फोडण्याची परवानगी नसताना किंवा तात्पुरत्या गरजेसाठी पॉवरलाइन अडॅप्टर सोयीचा ठरतो. केबल टाकणे शक्य असलेल्या घरात तो दुय्यम पर्याय मानला जातो.